वेणीची दहा मिनिटे

आमच्या घरी रोज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझी परीक्षा सुरू होते. थोरली सहा वर्षांची आहे, आणि तिच्या शाळेचा शिरस्ता असा की केस खांद्याखाली उतरले म्हणजे दोन वेण्या घातल्याच पाहिजेत. ती पाटावर बसते, मी तिच्यामागे खुर्चीवर बसतो, फणी तोंडात धरतो आणि भांग पाडावयास लागतो. हा भांग सरळ निघाला असे आजवर फार तर चार-पाच वेळा घडले असेल. शेजारी धाकटा उभा असतो. त्याला तीन वर्षे पुरी झाली आहेत. सदऱ्याचे एकच बटण तो दोन्ही हातांनी लावीत असतो, आणि मी मदतीस हात पुढे केला तर तो पाठ फिरवितो.

गेल्या पावसाळ्यापर्यंत यांतले काहीच माझ्याकडे नव्हते. आम्ही बडोद्यास राहतो. माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत चाकरीसाठी इकडे आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती असा संसार चालला आहे. मी टपाल खात्यात कारकून आहे. पत्नी एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातून एक आठवडा तिची रात्रपाळी असते व त्या आठवड्यात घरी परतावयास तिला सकाळचे साडेआठ वाजतात. तेवढ्यापुरत्या शेजारच्या काकू येऊन मुलीची वेणी घालीत, मुलाला आंघोळ घालीत, आणि मी चहा पीत वर्तमानपत्र वाचीत असे. आपण चांगले वडील आहोत अशी माझी समजूत होती. भाजी मी आणीत होतो, शाळेची फी वेळेवर भरीत होतो आणि रविवारी मुलांना कमाटीबागेत नेत होतो.

थोरली जन्मली तेव्हा मी रजाही घेतली होती. केंद्र सरकारच्या सेवेतील पुरुषास, दोनांहून कमी अपत्ये हयात असताना, मुलाच्या जन्माच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून पुढे सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. त्या पंधरा दिवसांत मी पेढे वाटले, येणाऱ्याजाणाऱ्यांस चहा दिला आणि बारशाच्या पत्रिका लिहिल्या. मूल कसे धरावे हे शिकावयाचे मात्र राहून गेले. त्या वेळी कोणी विचारलेही नाही.

मग आषाढातली ती रात्र आली. पाऊस कोसळत होता, पत्नी रात्रपाळीवर होती, आणि एकच्या सुमारास धाकटा कण्हू लागला. कपाळाला हात लावला तो चटका बसावा तसा. तापमापकात १०२.६ अंश भरले. पत्नीला दूरध्वनी केला, पण कामावर असताना ती तो जवळ बाळगीत नाही. अखेर आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना उठविले. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि विचारले,

“वजन किती आहे?”

मला काही सांगता येईना. मी म्हणालो, “तीन वर्षं पुरी व्हायला चार महिने आहेत.”

“वय नको, वजन सांगा. तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. एका वयाची दोन मुलं एका वजनाची नसतात.”

कपाटावरच्या पेट्यांचे वजन मला ठाऊक होते. कचेरीत पार्सल हातात घेतले की ते किती भरेल याचा माझा अंदाज पाच-दहा ग्रॅमांपलीकडे चुकत नाही, आणि त्या गोष्टीचा मला थोडा अभिमानही आहे. ज्याला मी रोज उचलून घेत होतो त्याचे वजन मात्र मला सांगता आले नाही.

थोरली केव्हा जागी झाली ते समजले नाही. ती दारात उभी होती. “बाबा, ते ममता कार्डावर लिहिलंय,” ती म्हणाली. गुजरातमध्ये माता-बालकांच्या संरक्षण कार्डाला ममता कार्ड म्हणतात. लसी केव्हा दिल्या, पुढची केव्हा द्यावयाची आणि वयानुसार वजन कसकसे वाढत गेले याची सारी नोंद त्यात असते. ते आमच्या घरी कोठे असते हेही मला माहीत नव्हते. थोरलीने स्टूल ओढले, आईच्या साड्यांखालची पिशवी काढली, कार्ड उलगडले आणि बोट ठेवले. सहा आठवड्यांपूर्वी अंगणवाडीत वजन झाले होते : १२ किलो ४०० ग्रॅम. “मी गेले होते ना आईबरोबर,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मात्रा सांगितली, अंगावरचे जाड पांघरूण काढावयास सांगितले, थोडे थोडे पाणी पाजत राहा म्हणाले, आणि मूल ग्लानीत गेले, त्याला झटका आला किंवा श्वास जोरजोराने चालू लागला तर पाऊस आहे की नाही हे न पाहता तडक रुग्णालय गाठा, असे दोनदा बजावले. औषध मी चमच्याने पुढे केले तर धाकट्याने तोंड घट्ट मिटून घेतले. त्याला आई हवी होती. शेवटी तो चमचा थोरलीच्या हातून त्याच्या पोटात गेला. साडेतीनला त्याला घाम फुटला आणि तो माझ्या मांडीवर झोपला. मी हललो नाही.

सकाळी पत्नी आली. मी सारी हकीकत सांगितली. ती रागावेल असे वाटले होते, परंतु ती पायरीवर बसून चपला काढीत एवढेच म्हणाली, “अहो, वजन डॉक्टरांनी विचारलं म्हणून तुम्हांला कळलं. थोरली गेले आठ दिवस शाळेत एकटी डबा खाते, ते कोणी विचारलं नाही.”

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या माणसांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७, असे तीत आढळले. हा आकडा मी पूर्वी वाचला होता आणि आपण त्या ९७ मिनिटांच्या वर आहोत असे मनाशी म्हटलेही होते. परंतु कोणाचा डबा कोणाबरोबर खाल्ला जातो, कोणता दात हलतो आहे, कोणता सदरा आखूड झाला आहे, हे सारे डोक्यात वागविण्याची मिनिटे कोठे मोजावयाची? ती २९९ मध्ये तरी बसत असतील, असे मला वाटत नाही.

वेणी मी त्याच आठवड्यात शिकलो. शिकलो कचेरीत. टपालाच्या थैल्या बांधावयाच्या सुतळीचे तीन पदर खिळ्याला अडकवून जेवणाच्या सुटीत मी पेड घालीत बसे. सोबत्यांनी दोन दिवस चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने, ज्याच्या मुली आता कॉलेजात आहेत, शेजारी बसून मधला पेड सैल का सोडू नये ते दाखविले.

पहिल्या आठवड्यात थोरली गप्प बसे. डब्याची गोष्ट मी एकदा समोर बसवून विचारली, तेव्हा तिने “काही नाही” म्हणून विषय संपविला. मग एके दिवशी उजवी वेणी अर्धी झाली असता ती भिंतीकडे पाहत आपण होऊन म्हणाली की वर्गातल्या मुली तिच्या गुजरातीला हसतात. ती ‘ळ’ फार ठासून म्हणते, असे त्यांचे म्हणणे. मी काही बोललो नाही. हात थांबविला असता तर ती पुन्हा गप्प झाली असती, एवढे मला समजले. वेणी पुरी होईपर्यंत मला त्या मुलींची नावे, बाकांची मांडणी आणि डब्यात मेथीचे थेपले असले की काय होते, हे सगळे कळले. मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांस डोळा द्यावा असे म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. तोंड दुसरीकडे असले आणि मोठ्या माणसाचे हात कामात गुंतलेले असले म्हणजे मुले अधिक बोलतात.

धाकट्याच्या बटणाचा धडा मला गिजुभाई बधेका यांनी दिला. हा मनुष्य व्यवसायाने वकील. मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे हा विचार करू लागला, माँटेसरीबाईंचे लेखन वाचले, आणि वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेला. तेथे त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासमवेत तेथे काम केले आणि पुढे महाराष्ट्रात बालशिक्षण रुजविले. गुजरातेत गिजुभाईंना ‘मूछाळी मा’ म्हणतात, म्हणजे मिशा असलेली आई. आपल्याकडे आईवर उदंड लिहिले गेले आहे; १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती घरोघरी वाचली जाते. बापाला गौरवावयाचे झाले तर मात्र त्याला आईच म्हणावे लागते, याची मला मौज वाटते.

गिजुभाईंचे सांगणे असे की मूल जे स्वतः करू पाहते ते आपण त्याच्या हातून काढून घेऊ नये. हे वाचावयास सोपे आहे. सहा वाजून पन्नास मिनिटे झाली असता, रिक्षावाला खाली भोंगा वाजवीत असता, ते एक बटण काजात जाण्याची वाट पाहणे फार कठीण आहे. कित्येकदा मी पराभूत होतो, बटण मीच लावतो आणि रिक्षापर्यंत रडणे ऐकतो. म्हणून आता त्याला दहा मिनिटे आधी उठवितो. बटण आणि वेण्या साधारण एकाच वेळी पुऱ्या होतात.

थोरलीच्या डब्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. एक मुलगी तिच्याबरोबर बसू लागली आहे. तिच्यासाठी मी बुधवारी एक थेपला जास्त भरतो.

गेल्या महिन्यातल्या ममता दिवशी दोन तास उशिरा येण्याची परवानगी काढून धाकट्याला मी अंगणवाडीत नेले. रांगेत सगळ्या बायका होत्या. कार्ड पाहून कार्यकर्त्या ताईंनी माझ्यामागे नजर टाकली आणि विचारले, “मम्मी नथी आव्यां?” मी नाही म्हणालो. धाकट्याला काट्याच्या झोळीत बसविले, तो हसत लोंबकळू लागला, आणि ताईंनी आकडा लिहिला : १३ किलो १००. त्याला खाली उतरविले तरी तो झोळी सोडीना. आता बाबांना बसवा, असा त्याचा हट्ट होता.