प्लेटलेटची मोजणी आणि एक मोडीत निघालेला शिरस्ता

ज्या प्रयोगशाळेत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, तिच्या नव्या चालकांनी नुकतेच फर्मान काढले की, प्लेटलेटची संख्या कितीही कमी आली तरी डॉक्टरांची लेखी मागणी असल्यावाचून रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला पातळ थर, तपासण्यात वेळ दवडू नये; हे वृत्त मला फार लागले.

इटलीच्या बिझोझेरोने १८८२ साली प्लेटलेट या रक्तकणिकांना स्वतंत्र ओळख मिळवून दिली, १९५० साली ब्रेकर आणि क्रॉन्काइट यांनी त्यांच्या मोजणीची पद्धत बसवली, आणि पुढे आम्हीही अमोनियम ऑक्झलेटमध्ये मिसळलेले रक्त न्यूबॉअर चेंबरमध्ये भरून, ओलसर गाळणकागदासह झाकून, कणिका तळाशी बसेपर्यंत वाट पाहत राहिलो. त्या एकसुरी वर्षांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते १९९० नंतरचे दशक. पेशी मोजणारे यंत्र आले, तरी आकडा १ लाखाच्या खाली गेला की स्लाइड पाहिल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, हा शिरस्ता आम्ही कसोशीने पाळला. तैलभिंगाखाली दर क्षेत्रात दिसणाऱ्या कणिकांची सरासरी काढून तिला १५,०००ने गुणले, की यंत्राच्या आकड्याचा खरेखोटेपणा अंदाजाने कळे. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका बाईंचा आकडा २०,०००च्या आसपास निघाला. अन्यत्र कोठेतरी आयटीपीचा, म्हणजे प्लेटलेट घटवणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या विकाराचा, शिक्का बसून महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्यांचा चेहरा सुजलेला होता, परंतु अंगावर एकही लाल ठिपका नव्हता, हिरड्यांतून कधी रक्त आलेले नव्हते. लेशमन रंगाने रंगवलेल्या स्मिअरच्या शेपटीपाशी भिंग नेले, तो जांभळट कणिकांचे पुंजकेच्या पुंजके दिसले. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीएमुळे काहींच्या रक्तातील प्रतिपिंडे प्लेटलेट एकमेकींना चिकटवतात. हे सारे नळीत घडते, शरीरात नव्हे. सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन तत्काळ मोजले, पातळपणापोटी १.१ने गुणले, आणि संख्या दीड लाखाच्या वर, म्हणजे निरोगी मर्यादेत, भरली. (सायट्रेटमध्येही पुंजके होणारे रुग्ण असतात, तेथे तर स्मिअरलाच शरण जावे लागते.)

तत्कालीन व्यवस्थापक प्रत्येक स्लाइडमागे गेलेल्या मिनिटांचा हिशेब मागत. यंत्रावर एवढा पैसा ओतल्यावर पुन्हा डोळ्यांनी काय पाहायचे, हा त्यांचा सवाल असे. त्यांना तेव्हा दिलेले उत्तर मी आजही बदलणार नाही: सूक्ष्म छिद्रातून जाणाऱ्या कणाचा आकार यंत्र मोजते, पण तो कण कोणता हे ते जाणत नाही, म्हणून पुंजका त्याच्या हिशेबातून निसटतो, बंगालकडील कित्येक निरोगी माणसांत आढळणाऱ्या अवाढव्य प्लेटलेट ते तांबड्या पेशींत ढकलते, आणि उलट तांबड्या पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून धरून खरी न्यूनता झाकूनही टाकते.

आता पावसाळा लागला, डेंग्यूची साथ आली, की नातेवाईक सकाळ-संध्याकाळ आकडा विचारतात आणि रक्तस्राव नसताना, संख्या १०,०००च्या पुष्कळ वर असताना, प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावपळ करतात. त्यातला एखादा आकडा पुंजक्यांमुळे खोटाही असू शकतो. यंत्र पुंजक्यांची शंका अहवालाच्या तळाशी नोंदवते. पण ती ओळ वाचून स्लाइडची लेखी मागणी करण्याइतकी सवड बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना नसते, हे फर्मान काढणाऱ्यांनाही पुरते ठाऊक आहे. त्यांनी ते मागे घ्यावे, आणि तोवर तेथील तरुण टेक्निशियनांनी १ लाखाखालच्या प्रत्येक नमुन्याची स्लाइड, कोणी मागो वा न मागो, रंगवून ठेवावी.