दुसरा शनिवार

दुसरा शनिवार म्हटला की बहुतेक घरांत एकच गोष्ट आठवते, बँक बंद. पुण्यातल्या काही घरांत मात्र त्या सकाळी एखादं पोर न उठवता उठतं, शाळा नसताना वही-पेन शोधतं आणि विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका'कडे निघतं. गेल्या पावसाळ्यात बहिणीच्या मुलीला घेऊन मीही निघाले. ती नववीत आहे. रिक्षात बसल्या बसल्या तिने विचारलं, "मावशी, तिथे टेस्ट असते का गं?"

"नाही."

"मग आई का पाठवतेय?"

याचं चांगलं उत्तर मला चतुःशृंगीपर्यंत सुचलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचीच शोधाशोध आहे, असं समजा.

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्र. 1988 साली ते सुरू झालं, जयंत नारळीकर पहिले संचालक. देशभरातल्या विद्यापीठांमधल्या प्राध्यापकांना आणि संशोधकांना खगोलशास्त्रात काम करता यावं, हा त्याचा मूळ उद्देश. म्हणजे कागदावर पाहिलं तर शाळकरी मुलांशी या संस्थेचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तरीही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथल्या चंद्रशेखर सभागृहात शाळकरी मुलांसाठी सप्रयोग व्याख्यान ठेवण्याचा प्रघात पडला. एकच विषय एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत किंवा हिंदीत. ही भाषेची सोय मला फार मोलाची वाटते. विज्ञान मराठीत सांगायचं म्हणजे ते पातळ करून सांगायचं, असा एक गैरसमज शहरी पालकांत आहे. कृष्णविवर मराठीत समजावून घेतलं म्हणून त्याचं गुरुत्वाकर्षण काही कमी होत नाही.

नारळीकरांना मुलांसाठी वेळ काढावासा का वाटला असेल, याचा धागा मला त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात सापडतो. (साहित्य अकादमीचा 2014 चा पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला.) त्यांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, घर विद्यापीठाच्या आवारातच. गणिताचा अभ्यास करणारे मामा, मोरेश्वर हुजुरबाजार, त्यांच्याकडे राहायला होते. घरात फळा होता. त्या फळ्यावर मामा भाच्यासाठी एखादं कोडं लिहून ठेवत, त्यावर आव्हान म्हणून भाच्याची आद्याक्षरं असत, आणि सुटेपर्यंत ते कोडं पुसलं जात नसे. ना मार्क, ना वेळेचं बंधन. नजरेसमोर एक न सुटलेलं गणित, एवढंच. ज्याच्या घरी असा फळा आणि असा मामा, त्याला शनिवारच्या वर्गाची गरज नाही. बाकीच्यांनी काय करायचं?

पुढे मोठेपणी नारळीकरांनी स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांसाठी एक युक्ती काढली. स्वाक्षरी देणार नाही, पण पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही असेल. मे 2025 मध्ये ते गेले तेव्हा अनेकांनी जपून ठेवलेली ती कार्डं बाहेर काढली. मला तर हा बनारसचाच फळा वाटतो, पोस्टाने पाठवलेला.

शनिवारच्या व्याख्यानांच्या जोडीला उन्हाळी सुट्टीत आणखी एक उपक्रम असे. शाळेतली मुलं आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाबरोबर काम करत. ठरलेला अभ्यासक्रम नाही. आणि त्याच आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ. इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं हे नाव, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं वाचलीत ना? ही कोटी पुलंना नक्की आवडली असती. अरविंद गुप्ता तिथे 2003 पासून अकरा वर्षं होते. आयआयटी कानपूरचे हे अभियंते सायकलची ट्यूब, काडेपेटीतल्या काड्या, रिकामे रिफिल, जुनी वर्तमानपत्रं यांतून खेळणी करत. खेळणं मोडलं तरी हरकत नाही, उलट मोडून आत काय आहे ते बघा, हा त्यांचा आग्रह.

विद्वानांच्या घराचं दार मुलांसाठी उघडायची ही कल्पना अर्थात पुण्याची नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून नाताळच्या सुट्टीत तरुण श्रोत्यांसाठी व्याख्यानं होतात. मायकेल फॅरडेने त्यांच्या एकोणीस मालिका दिल्या. एका मालिकेचा विषय होता नुसती मेणबत्ती. फॅरडे स्वतः त्याच दारातून आत आलेला माणूस. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत असताना, 1812 मध्ये, एका गिऱ्हाइकाने त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या तिथल्याच व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने ऐकलेलं सगळं टिपून काढलं, सुबक बांधणी केली आणि ती वही डेव्हीलाच पाठवून दिली. पुढच्या वर्षी तो डेव्हीचा मदतनीस झाला. पुस्तकबांधणी शिकल्याचा एवढा फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

या नाताळ व्याख्यानांत गणिताचा नंबर लागायला मात्र 1978 उजाडलं. ख्रिस्तोफर झीमन यांची ती मालिका गाजली आणि त्यातून 1981 मध्ये शाळकरी मुलांसाठी गणिताचे शनिवार-वर्ग सुरू झाले. आज ते ब्रिटनभर, बऱ्याच ठिकाणी विद्यापीठांच्या वर्गखोल्यांत भरतात.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या वळणाची. रशियाने 1957 मध्ये स्पुटनिक सोडला आणि तिथे एकच धांदल उडाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दहावी ते बारावीच्या मुलांसाठी शनिवार सकाळचे विज्ञानवर्ग सुरू झाले, ते आजही चालू आहेत. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये लिऑन लेडरमन यांनी 1980 मध्ये 'शनिवार सकाळचं भौतिकशास्त्र' सुरू केलं. शिकवणारे प्रयोगशाळेतलेच शास्त्रज्ञ. लेडरमन यांना नोबेल मिळालं ते त्यानंतर आठ वर्षांनी. तिकडच्या मराठी घरांतल्या मुलांना शनिवार-रविवार सुट्टीचे आहेत असं निदान मला तरी वाटत नाही. एक दिवस असला काही वर्ग, दुसरा दिवस महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा, उरलेल्या वेळात तबला.

याच अमेरिकेत एक जुना वाद आहे आणि तो आपल्याही कामाचा आहे. हुशार मुलाला पुढे पळवायचं की आडवं पसरू द्यायचं? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली हे मानसशास्त्रज्ञ पहिल्या पक्षाचे. त्यांनी 1972 मध्ये बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना चक्क कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला लावली. त्यातून निवडलेल्यांना शनिवार सकाळच्या दोन-दोन तासांच्या वर्गांत काही आठवड्यांतच शाळेचं वर्षभराचं बीजगणित शिकवून टाकलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्याला येतंय त्याला वर्षभर तेच तेच करायला लावणं हा छळ आहे. हे खोटं नाही. वर्गात मागच्या बाकावर कंटाळून वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढणारी मुलं मी पाहिली आहेत.

पण आपल्याकडे पळवण्याचा शौक पालकांना असतो, पोराला नव्हे. माझ्या भाचीच्या वर्गातल्या एका मुलाला सातवीपासून अकरावीचं भौतिकशास्त्र लावलंय, एका नावाजलेल्या क्लासमध्ये. रविवारी सकाळी सात वाजता चाचणी. निकालाचा मेसेज थेट बाबांच्या फोनवर. स्टॅन्ली आधी मुलाला भूक आहे का ते तपासत होते, आपण ताट वाढून मोकळे.

मॉस्कोची तऱ्हा मला सगळ्यांत पटते. तिथल्या विद्यापीठात 1930 च्या दशकात शाळकरी मुलांची गणितमंडळं सुरू झाली. आधी प्राध्यापक बोलायचे आणि मुलं ऐकायची. डेव्हिड श्क्ल्यार्स्की या तरुण गणितज्ञाने ते उलटं केलं. व्याख्यान थोडं, गणितं भरपूर, आणि ती सोडवून फळ्यापाशी येऊन समजावायची मुलांनीच. तो दुसऱ्या महायुद्धात मारला गेला, पद्धत मात्र टिकली. अडखळणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून त्याचा युक्तिवाद शेवटपर्यंत ऐकायचा, याला माणूस लागतो, आणि माणूस महाग असतो. म्हणून तर असल्या वर्गांना विद्यापीठ बरं पडतं. तिथे विद्यार्थी असतात, संशोधक असतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लहानपणी असं कुणी तरी ऐकून घेतलेलं असतं. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापलं. एरंडवण्यातल्या त्या वास्तूत ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्या बसल्या.

एक गोष्ट मात्र टोचते. भाचीच्या शनिवारासाठी रिक्षाचे पैसे लागले, सोबत यायला मोकळी मावशी लागली, आणि असं काही असतं हे ठाऊक असलेली आई लागली. शिरूरच्या किंवा वेल्ह्याच्या मुलीला यातलं काय मिळतं? शाळेने बस काढली तर ती येते, नाही तर नाही. फॅरडेलाही तिकीट देणारं गिऱ्हाईक भेटावं लागलंच होतं.

त्या दिवशी आम्ही लवकर पोहोचलो होतो. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या त्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे आहेत. भाचीने प्रत्येकापाशी सेल्फी काढला. मग विचारून आत गेलो आणि फूकोचा लंबक पाहिला. लांब तारेला टांगलेला गोळा संथपणे डोलत होता. पाटी वाचून कळलं ते असं की पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या डोलण्याची दिशा हळूहळू वळत जाते. भाचीने खालच्या रेघा पाहून त्याची दिशा वहीत टिपली, माझ्या घड्याळातली वेळही लिहिली. दीड तासाने, व्याख्यान संपल्यावर, मला भूक लागलेली असताना तिने पुन्हा तिथे ओढत नेलं. गोळ्याची दिशा थोडी सरकली होती. साधारण सात अंश.

रिक्षात ती गप्प होती. मग हिशेब करून म्हणाली, "या वेगाने पूर्ण फेरीला पंच्याहत्तर-एक तास लागतील. पण पृथ्वी तर चोवीस तासांत फिरते. गणित चुकलं का गं माझं?"

गणित चुकलं नव्हतं. पॅरिसला, जिथे फूकोने 1851 मध्ये हा प्रयोग दाखवला, तिथे साधारण बत्तीस तास लागतात, ध्रुवावर चोवीस, आणि पुण्याच्या अक्षांशावर पंच्याहत्तर. हे मला घरी येऊन शोधल्यावर कळलं. रिक्षात मी एवढंच म्हटलं, "ठाऊक नाही बाई."

"मग विषुववृत्तावर?" तिने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता वहीचं पुढचं पान उलटलं.