आकाशातली न हलणारी जागा

एप्रिल संपत आला की अमेरिकेच्या पूर्व भागात, न्यू जर्सी म्हणा, ओहायो म्हणा, परसातल्या फीडरवर एखाद्या सकाळी निळाशार पक्षी येऊन बसतो. कालपर्यंत तिथे रोजचीच पाखरं दाणे टिपत होती. हा कुठून उगवला?

याचं नाव इंडिगो बंटिंग. चिमणीहून लहान, वजन जेमतेम 14-15 ग्रॅम. त्याच्या निळाईतच पहिली गंमत आहे: पिसांत निळं रंगद्रव्य कणभरही नसतं! पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश असा विखुरतो की आपल्याला निळा तेवढा दिसावा. मागून ऊन आलं की हाच पक्षी काळपट वाटतो. मादी तपकिरी, म्हणून ती आल्याचं कुणाला कळतही नाही. खरं तर प्रवास तिनेही तेवढाच केलेला असतो.

आणि प्रवास तरी केवढा! हिवाळा मेक्सिकोत, मध्य अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर. परतताना यांच्यातले कित्येक जण मेक्सिकोचं आखात थेट ओलांडतात. शेकडो किलोमीटर नुसतं पाणी, टेकायला काडी नाही. बरं, निघतात कधी? दिवस मावळल्यावर.

मग अंधारात उत्तर सापडते कशी?

1960च्या दशकात स्टीफन एम्लेन या संशोधकाने हा प्रश्न पक्ष्यांनाच विचारला. स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीही रात्री अस्वस्थ होऊन एकाच दिशेला उड्या मारत राहतो. एम्लेनने कागदाचं नरसाळं केलं, तळाशी शाईचा पॅड ठेवला, वर जाळी लावली. पक्ष्याला दिसणार फक्त आकाश. तो उडी मारणार, शाईचे पाय कागदावर उमटणार आणि सकाळी आपल्याला त्याची दिशा वाचता येणार. इतकं साधं!

हे नरसाळं त्याने तारांगणात नेलं. वसंतातले पक्षी घुमटावरच्या उत्तरेकडे झेपावू लागले. घुमटावरची उत्तर-दक्षिण उलटी केली, तर पक्षीही उलटे फिरले. म्हणजे ते ताऱ्यांकडेच पाहत होते. आपल्याला वाटेल, ध्रुव तारा हेरत असणार. पण ध्रुव झाकला तरी त्यांचं काही अडेना!

मग पाहतात तरी काय? एम्लेनने पिल्लं हाताने वाढवली. काहींना तारे दाखवलेच नाहीत. शरद ऋतूत त्यांना दिशाच ठरवता येईना. काहींना नेहमीचं फिरतं आकाश दाखवलं. ती बरोबर दक्षिणेला निघाली. तिसऱ्या गटाची मात्र त्याने चक्क फसवणूक केली. मृग नक्षत्रातला तांबूस तारा काक्षी स्थिर ठेवून सारं आकाश त्याच्याभोवती फिरवलं. ही पिल्लं मोठी झाली आणि शरदात काक्षीकडे पाठ करून निघाली. त्यांच्या लेखी तीच उत्तर होती!

म्हणजे पिल्लू जन्मतः ताऱ्यांचा नकाशा घेऊन येत नाही. सोबत येतो तो एक नियम: रात्रभर सारं आकाश फिरतं, त्यात न फिरणारी जागा शोध आणि तिच्याभोवतीच्या ताऱ्यांच्या आकृत्या ओळखून ठेव. एकदा हे पाठ झालं की आकाशाचा थोडासा तुकडा दिसला तरी पुरतं.

पण तयार नकाशाच का मिळू नये? तो सोपा नाही का? सोपा खरा, पण शिळा होणारा. पृथ्वीचा आस मंदावत्या भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलण्याला लागतात सुमारे 26,000 वर्षं. त्यामुळे आजचा ध्रुव कायमचा ध्रुव नाही. साधारण 12,000 वर्षांनी त्या जागेजवळचा ठळक तारा असेल अभिजित. रक्तातून आलेला नकाशा तोवर पक्ष्यांना भलतीकडेच नेईल. नियम मात्र तेव्हाही चालेल, कारण त्यात कुठल्याच ताऱ्याचं नाव नाही.