विस्तवावर चालणारे शीतकपाट

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग सुटतो. त्या रस्त्याने अलीकडे एक नव्या तऱ्हेचे वाहन अधूनमधून जाताना दिसते. आत बिछाना, शेगडी, मोरी आणि फ्रीज असलेले ते फिरते घर. त्याला कॅरव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने या पर्यटनाचे धोरणही ठरवले. परदेशी घडणीच्या अशा गाडीतला फ्रीज पुष्कळदा गॅसवरही चालतो आणि विजेवरही. विस्तव पेटवला की बर्फ होतो, हे ऐकून मोटार कामगार प्रथम हसतात. पण त्यात जादू काही नाही.

आपल्या घरच्या फ्रीजमध्ये मोटर असते आणि ती वायू दाबण्याचे काम करते. या दुसऱ्या जातीत मोटर नाही, पट्टा नाही, एकही फिरता भाग नाही. बंद नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन एवढेच असते. पाण्याला अमोनियाची विलक्षण ओढ आहे. खालून उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. वरच्या नळ्यांत आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो द्रव होतो आणि आपल्याच वजनाने उतरत कपाटाच्या आतल्या नळीत शिरतो. तेथे हायड्रोजन आधीच भरलेला असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याला दाब थोडा येतो, आणि थंडीतही त्याची पुन्हा वाफ होऊ लागते. त्या वाफेला लागणारी उष्णता तो दूध-भाजीतून ओढून घेतो. मग पाणी त्याला शोषून घेते आणि फेरा पुन्हा सुरू होतो. म्हणून या पद्धतीला शोषण पद्धती म्हणतात. शोषण हा शब्द आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना फार ओळखीचा. येथे मात्र शोषलेले सगळे परत मिळते! १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातील प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही रचना शोधली.

आता गॅस बरा की वीज? या यंत्राला हवी असते ती नुसती उष्णता. ती ज्योतीने दिली काय किंवा विजेच्या तापणाऱ्या तारेने दिली काय, त्याला भेद नाही. शंभर लिटरच्या फ्रीजला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम गॅस लागतो. त्यात पावणेचार युनिट विजेइतकी उष्णता असते. दीडशे वॅटची तार चोवीस तास तापली तर ३.६ युनिट होतात. हिशेब जवळजवळ जुळला. परंतु ही वीज आली कोठून? औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे तिसरा हिस्साच वीज होऊन तारेत पडतो. इतक्या खटपटीने केलेली वीज पुन्हा नुसती तापवण्यात घालणे म्हणजे गहू दळून, पोळ्या लाटून त्या गुरांपुढे टाकण्यासारखे आहे. विजेवरच चालवायचे असेल तर मोटरचा फ्रीज घ्यावा. त्याला दिवसाला एका युनिटच्या आसपास पुरते.

गाडीच्या बॅटरीवर तर हा व्यवहार पुरताच आतबट्ट्याचा. बारा व्होल्टवर दीडशे वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी आठ तासांत रिकामी होते आणि सकाळी इंजिन उठत नाही. तेव्हा गाडी धावत असताना इंजिनच्या जोरावर होणारी वीज वापरावी आणि गॅस सिलिंडरपाशीच बंद ठेवावा. मुक्कामी प्लग मिळाला तर वीज, न मिळाला तर गॅस. पेट्रोल पंपात शिरण्यापूर्वी ज्योत विझलेलीच पाहिजे. पाच किलोचा सिलिंडर पंधरा-सोळा दिवस पुरतो. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर भाड्याच्या गाडीत चढवणे बेकायदा आहे.

गाडी उतारावर उभी करून हा फ्रीज चालू ठेवू नये. आतला द्रव केवळ वजनाने वाहतो. तो अडला की उष्णतेची जागा कोरडी पडते आणि नळी कायमची चोंदू शकते.

खरी चिंता वेगळीच आहे. पर्यटक हॉटेलात उतरतात आणि चालक व मदतनीस गाडीतच झोपतात, असे पुष्कळदा घडते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, आणि मदतनिसाचे अंथरूण बहुधा जमिनीवरच असते. गळतीला निदान वास तरी येतो. ज्योतीला हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. यासाठी ज्योतीचा कप्पा आतल्या बाजूने पक्का बंद असतो आणि त्याच्या जाळ्या गाडीच्या बाहेर उघडतात. पावसाची झड येते म्हणून त्या जाळ्यांत कोणी बोळे कोंबले असतील, किंवा निळी ज्योत पिवळी पडून काजळी धरू लागली असेल, तर चालकाने गॅस सिलिंडरपाशी बंद करावा आणि दूध नासले तर नासू द्यावे. मालकाने दुधाचे पैसे पगारातून कापले, तर युनियनच्या कचेरीत यावे.