रिकामा तवा आणि पिंजऱ्यातली पाखरं

गेल्या रमजानमधील गोष्ट. सेहरीची वेळ संपायला जेमतेम पाऊण तास उरला होता. पराठे शेकण्यासाठी आम्ही नॉनस्टिक तवा मोठ्या आचेवर ठेवला आणि मुलांना उठवायला आतल्या खोलीत गेलो. धाकटी उठता उठेना. तिच्या मिनतवाऱ्या करण्यात आठ-दहा मिनिटे गेली. परत आलो तर तवा तसाच रिकामा तापत होता. धूर नव्हता, वासही फारसा नव्हता. आम्ही आच कमी केली, पराठे शेकले आणि खाऊ लागलो.

स्वयंपाकघराला लागूनच असलेल्या खिडकीत बजरीगरांचा, म्हणजे बजीचा, पिंजरा टांगलेला होता. एक हिरवा, एक निळा. फजरची अजान झाली तरी दोघांचा आवाज नाही, म्हणून थोरल्याने पिंजऱ्यावरचा कपडा काढला. निळा तळाशी निपचित पडला होता. हिरवा चोच उघडी टाकून धापा टाकत होता, प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वरखाली होत होती. आम्ही त्याला गच्चीवर मोकळ्या हवेत नेले. सूर्य उगवण्याआधी तोही गेला.

जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात नॉनस्टिक भांडं तापलं होतं का?" तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वर्गात मुलांना श्वसनसंस्था शिकवणारे आम्ही! पण आपल्या स्वयंपाकघरातील हवा आणि पाखराचे फुप्फुस यांचा संबंध आम्हाला ठाऊक नव्हता. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी बजी, लव्हबर्ड, कॉकटील असतात. त्यांच्यावर अशी सकाळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

नॉनस्टिक भांड्यावरचा गुळगुळीत थर बहुतेक वेळा पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो. टेफ्लॉन हे त्याचेच प्रसिद्ध व्यापारी नाव. रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला तो 1938 मध्ये अपघाताने सापडला. साध्या आचेवर हा थर शांत राहतो. भाजी, वरण, भात शिजत असताना भांड्यात पाणी असते, त्यामुळे उष्णता 100 अंशांच्या आसपास थांबते. परंतु रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला, तर काही मिनिटांतच तो 260 अंशांच्या पुढे जातो. तिथून हा थर खराब होऊ लागतो, आणि उष्णता वाढत जाईल तसे त्यातून विषारी वायू व अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. तेल जास्त तापले तर धूर होऊन आपल्याला इशारा मिळतो. कोरडा तवा तो इशारा देत नाही.

माणसाने हे वायू जास्त प्रमाणात घेतले तर फ्लूसारखा ताप, अंगदुखी, खोकला होतो आणि सहसा एक-दोन दिवसांत उतरतो. पाखराचे तसे नाही. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही ताजी हवा मिळते. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू मिळावा म्हणून अल्लाहने केलेली ही रचना. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच वेगाने आत जाते. त्यात बजीचे वजन 30-40 ग्रॅम. त्याचे फुप्फुस पाण्याने व रक्ताने भरते आणि उपचाराला वेळच मिळत नाही. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. ही पद्धत 1986 पर्यंत चालू होती.

मग भांडी कोणती घ्यावीत? उत्तर आपल्या आजीच्या फडताळात आहे. लोखंडी तवा, बिडाचा तवा, स्टीलची पातेली, कलई केलेली तांब्या-पितळेची भांडी, मातीची हंडी. यांपैकी कशावरही हा थर नसतो. कोकणात आजही घावणे बिडाच्या तव्यावरच सुरेख सुटतात. तवा नीट तापवून, तेलाचा हात फिरवून, रोज वापरत राहिले की तो आपोआप न चिकटणारा होतो. मात्र नवा लोखंडी तवा तेल लावून पहिल्यांदा भाजताना खूप धूर होतो. तेवढा वेळ पिंजरा शेजारच्या घरी ठेवावा.

दुकानात दोन गोष्टींची गल्लत होते. डब्यावर 'पीएफओए-फ्री' लिहिले असले म्हणजे भांडे पाखरांसाठी सुरक्षित झाले, असे नाही. पीएफओए हे थर बनवताना पूर्वी वापरले जाणारे वेगळे रसायन. ते नसले तरी पीटीएफई असू शकते. तसेच 'हार्ड अ‍ॅनोडाइज्ड' भांड्यांतही काहींना आतून नॉनस्टिक थर दिलेला असतो. 'सिरॅमिक' म्हटले तरी दुकानदाराला स्पष्ट विचारावे, "यात पीटीएफई आहे का?" उत्तर मिळाले नाही तर भांडे घेऊ नये.

तव्याखेरीज हा थर इतरत्रही असतो. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, विजेच्या कुकरचे आतले भांडे, केकचा साचा आणि नॉनस्टिक तळाची इस्त्री. या वस्तू घरात असतील तर पिंजरा लांबच्या, खिडकी असलेल्या खोलीत ठेवावा. पण नुसते अंतर पुरेसे नाही, वायू घरभर पसरतो. म्हणून खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि रिकामे भांडे आचेवर कधीच नाही. जळालेली फोडणी, मच्छर अगरबत्ती, लोबानचा धूर, अत्तराचा फवारा यांचाही पाखरांना त्रास होतो. जुम्याच्या दिवशी घरात लोबान जाळायचे असेल, तर आधी पिंजरा गच्चीवर न्यावा.

पाखरू उघड्या चोचीने धापा टाकू लागले, शेपटी हलवू लागले किंवा दांडीवरून खाली पडले, तर कारण शोधत बसू नये. आधी त्याला मोकळ्या हवेत न्यावे, ऊब द्यावी आणि तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. आपल्याकडचा रानपोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्याला झाडावरच राहू द्यावे.

त्या सकाळी धाकटीने विचारले, "माझ्यामुळे उशीर झाला म्हणून ते मेले का?" आम्ही तिला जवळ घेतले आणि सांगितले, "नाही बेटा. आच मोठी ठेवून आम्ही गेलो. चूक आमची." मग तिला अबू उमैरची गोष्ट सांगितली. हजरत अनस (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ एका चिमण्या पाखराशी खेळत असे. ते मेले आणि तो उदास झाला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या लहानग्याजवळ पाखराची आपुलकीने विचारपूस केली. मुलाचे दुःख लहान मानले नाही. धाकटी ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे पाखरूपण महत्त्वाचं असतं."

ईदच्या आधी आम्ही बाजारातून बिडाचा तवा आणला. पिंजरा मात्र अजून रिकामाच आहे. आधी घर बदलू, मग पाखरू आणू, असे मुलांनीच ठरवले आहे. आज आपल्या स्वयंपाकघरात एकदा नजर फिरवा. घरात पिंजरा असेल, तर संध्याकाळी चूल पेटण्याआधीच.