ऊन दिवसाचं, मुक्काम रात्रीचा

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याकडून परळी-अंबाजोगाईला निघालेला यात्रेकरू केजवरूनच पुढे जातो. त्याच्यासाठी या रस्त्यावर लॉज, धाबे, मंगल कार्यालयं उभी आहेत. लॉज सोलरवर चालवायचा म्हटलं की मालकाचा पहिला प्रश्न असतो, "पॅनल किती लागतील?" हा प्रश्न नंतरचा. आधी लॉजचं घड्याळ बघावं. पाहुणा संध्याकाळी येतो, रात्रभर एसी लावतो, पहाटे अंघोळ करून दर्शनाला निघतो. दुपारी बारा वाजता, ऊन डोक्यावर असतं तेव्हा, खोल्या रिकाम्या आणि चादरी दोरीवर. म्हणजे ऊर्जा मिळते एका वेळी आणि लागते दुसऱ्याच वेळी. दिवसाची कमाई रात्रीसाठी कुठे साठवायची, यावर सगळी मांडणी ठरते.

सर्वांत स्वस्त साठवण म्हणजे गरम पाण्याची टाकी. वीस खोल्या, खोलीत दोन माणसं, माणशी पंचवीस लिटर कढत पाणी धरलं तर रोज 1000 लिटर लागतं. ते हिवाळ्यात 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 46 युनिट उष्णता हवी. एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. तेव्हा नुसत्या अंघोळीसाठी जवळपास बारा किलोवॉटची पॅनलं आणि हजार-बाराशे चौरस फूट मोकळी गच्ची लागेल. तेच पाणी सौरबंबाने तापवलं तर वीस-एक चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांचे तापक पुरतात. कारण पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं, तर बंब निम्म्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवतो. उष्णता हवी असेल तर उष्णताच घ्यावी; आधी वीज करून मग गीझर पेटवणं हा उलटा प्रवास झाला.

बंबाला पंप लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली तापकात येतं आणि हे चक्र दिवसभर आपोआप फिरत राहतं. म्हणून टाकी तापकाच्या वर बसवतात. टाकीभोवती पफचं जाड आवरण असतं, त्यामुळे दुपारी तापलेलं पाणी पहाटे चारलाही कढत मिळतं.

केजसारख्या भागात खरी अडचण बोअरच्या पाण्याची. ते जड असतं. तापलं की क्षार सुटतात. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट तापक अशा पाण्यावर काही वर्षांत आतून बुजत जातो आणि मालक म्हणतो, सोलर चालत नाही. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा बंब घ्यावा, नाहीतर उष्णता-विनिमयकाचा, ज्यात तापकातलं पाणी वेगळं आणि अंघोळीचं वेगळं राहतं. दुसरी गोष्ट नळाच्या लांबीची. टाकी गच्चीच्या एका टोकाला आणि खोली दुसऱ्या टोकाला असली, तर पाहुणा नळ उघडून कढत पाण्याची वाट बघतो आणि तोवर थंड पाणी वाहून जातं. टँकरच्या गावात ही चैन परवडत नाही. टाकी न्हाणीघरांच्या अगदी वर ठेवावी, पाइपाला आवरण घालावं.

विजेची साठवण वेगळी. दिवसा पॅनलची जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री तिथून परत घेतली जाते आणि नेट मीटर वजाबाकी करतो. हा हिशेबाचा मेळ आहे. रात्रीच्या एसीत प्रत्यक्ष सूर्य नसतो. तेव्हा तारेत येणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा मोठा असतो. ज्या परळीला यात्रेकरू निघाला आहे, तिथेच औष्णिक केंद्र आहे आणि 2013 आणि 2015 च्या टंचाईत ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पॅनलला असं पाणी लागत नाही, बीड जिल्ह्यात हे मोलाचं. तरी नेट मीटरवाल्या लॉजने दारात 'शंभर टक्के सौर' अशी पाटी लावू नये.   

साधा ऑनग्रीड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा झटका बसू नये म्हणून ही सोय असते. विकणारा हे सांगेलच असं नाही. भारनियमनातही दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी, पण बॅटरीवर सगळा लॉज टाकू नये. खोल्यांचे दिवे-पंखे, जिना, वायफाय आणि काउंटर यांचं वायरिंग आधीच वेगळं काढावं. एसी आणि पाण्याची मोटर बाहेर ठेवावी. साधा पंखा पंचाहत्तर वॉट खातो, बीएलडीसी तीसच्या आसपास. पंखे बदलले की बॅटरी आपोआप लहान होते.

पैशांचं थोडक्यात. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, लॉजला नाही. आयकरात मात्र सौर यंत्रणेवर 40 टक्के घसारा मिळतो, शिवाय व्यापारी दराची वीज महाग असल्याने वाचणारं प्रत्येक युनिट जास्त किमतीचं असतं.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून अठरा-एकोणीस अंशांच्या उतारावर बसवावं, केजचा अक्षांश तेवढाच. मे महिन्यात पॅनल साठ अंशांपर्यंत तापतं आणि उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी घटतं. ऊन कडक म्हणून वीज जास्त, असं नसतं. धूळ सकाळी, पॅनल थंड असताना पुसावी. जड पाण्याने धुतलं तर काचेवर पांढरे डाग बसतात. आधी कोरडं झाडून मग ओलं फडकं फिरवलं तर पाणीही वाचतं.

राहिलं स्वयंपाकघर. शिर्डीच्या साई संस्थानने 2009 मध्ये प्रसादालयाच्या छतावर प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या 73 शेफलर तबकड्या बसवल्या. आरशांची तबकडी सूर्यामागे फिरते आणि ऊन एका ठरलेल्या जागी एकवटते. तिथल्या पाण्याची वाफ पाइपातून भांड्यांपर्यंत येते. वाफेवर भात, डाळ, भाजी शिजते. पुरी तळली जात नाही आणि भाकरीही भाजत नाही. त्यासाठी गॅस लागतोच, आणि ढगाळ दिवसासाठी बॉयलरही. रोजची हजारोंची पंगत असेल तरच हा खटाटोप परवडतो. वीस खोल्यांच्या लॉजने बंबाचंच कढत पाणी तेलकट पातेली घासायला खाली आणावं. डाळीला मात्र ते घालू नये. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे केजच्या आचाऱ्याला कुणी सांगायला नको.