मांजराचा डोळा, कोआलाचा जीव

मांजराच्या पिल्लाचा आधी एकच डोळा लाल होतो. पाणी गळते, मग चिकट घाण येते, पापणीच्या आतला पडदा सुजून बाहेर डोकावू लागतो. काही दिवसांत दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत. पिल्लू मात्र खातेपिते, खेळते, त्यामुळे घरातली माणसे बिनघोर राहतात. अशा दुखण्यामागे पुष्कळदा ‘क्लॅमिडिया फेलिस’ हा जिवाणू असतो.

तो वाढतो फक्त जिवंत पेशीच्या आत. बाहेर असताना तो निव्वळ सुप्त कण असतो. पेशीत शिरला की फुगतो, दुभंगत राहतो आणि पुन्हा कण होऊन पुढच्या पेशी गाठतो. त्यामुळे नुसते डोळ्यांत थेंब घालून भागत नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन द्यावे लागते, तेही साधारण चार आठवडे आणि घरातल्या सगळ्याच मांजरांना. ही गोळी कोरडी देऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. मागोमाग थोडे पाणी पाजावे.

मांजरांसाठी लस आहे. ती संसर्ग पुरता रोखत नाही, आजाराचा जोर कमी करते. घरात एकटेच राहणाऱ्या मांजराला तिची सहसा गरज नसते. जिथे खूप मांजरे एकत्र राहतात आणि हा आजार ठाण मांडून बसलेला असतो, तिथे ती उपयोगी पडते. शंभर टक्के संरक्षण नाही म्हणून अशा लशीला नाक मुरडणे मला चुकीचे वाटते.

ऑस्ट्रेलियातील कोआलांकडे पाहा. ‘क्लॅमिडिया पेकोरम’मुळे ते आंधळे होतात, माद्या वांझ होतात. प्रतिजैविके द्यावीत, तर निलगिरीची विषारी पाने पचवणारे आतड्यांतले जिवाणूच मरतात आणि भरल्या पोटी उपासमार होते. सनशाइन कोस्ट विद्यापीठात पीटर टिम्स आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ खपून एका मात्रेची लस तयार केली. रानातल्या कोआलांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू तिच्यामुळे किमान 65 टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. सप्टेंबर 2025 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

आता खरे काम टोचण्याचे आहे. झाडाच्या शेंड्यावर बसलेला एकेक कोआला खाली उतरवणे वेळखाऊ आणि खर्चिक. वन्यजीव रुग्णालयांत उपचारांसाठी आलेला कोआला मात्र हाताशीच असतो. त्याला रानात सोडण्याआधी ती एक मात्रा देता येते.